गाडीतला बंब: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

भाऊबीज संगमनेरला बहिणीकडे केली. तिथून अकोले, राजूर करत घाटघरला दोन रात्री तंबू टाकला आणि काल घरी आलो. पहाटे तंबूबाहेर १२ अंश. कड्यावरचं धुकं, खाली कोकण, सगळं यथासांग झालं, पण दोन दिवस आम्ही तिघंही पारोसे. उटणं लावून न्हाल्याला आठवडाही झाला नव्हता. परतताना नारायणगावच्या पुढे हिने शांतपणे सांगितलं, "पुढच्या खेपेला आंघोळीची सोय नसेल तर तुम्ही बापलेक जा." ती आरडाओरडा करते तेव्हा वेळ असतो. शांतपणे बोलली की नसतो. म्हणून ही वही.

गाडी जुन्या बांध्याची थार, २०१७ ची, अडीच लिटर डिझेल, फोर बाय फोर. अटी माझ्या मीच घालून घेतल्या. गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. एका मुक्कामात तिघांच्या आंघोळी व्हायला हव्यात. चुलीवर पातेलं नाही, कारण आम्ही जातो त्यातली निम्मी ठिकाणं अभयारण्याच्या हद्दीत आहेत आणि तिथे जाळ करायचा नसतो. खर्च सहा हजारांच्या आत.

१९ नोव्हेंबर

आधी कागदावर.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. बादली २० लिटरची, ओढ्याचं पाणी १४ अंश, अंगावर घ्यायला ४१ हवं. २७ अंश चढवायचे म्हणजे साधारण २,२६० किलोज्यूल, विजेच्या बिलाच्या भाषेत ०.६३ युनिट. घरचा दीड हजार वॅटचा रॉड एवढ्याला पंचवीस मिनिटं घेतो. थंडीतल्या अनुभवाशी हे जुळतं, म्हणजे गणित बरोबर आहे.

गाडीची बॅटरी ६५ अँपिअर-तासांची धरली तर पूर्ण भरलेली असताना तिच्यात ०.७८ युनिट. एक आंघोळ झाली की पुढची आंघोळ घामाने, गाडी ढकलून. वीज बाद.

गॅस गीझरला बादलीमागे साठेक ग्रॅम गॅस पुरेल. आकडा मोहात पाडणारा आहे. पण आमच्या वाटांवर त्याचं बर्नर आणि नळ्या किती दिवस जागेवर राहतील, उघड्यावर वाऱ्याने ज्योत किती वेळा विझेल, आणि वारा लागतो म्हणून कोणी तो आडोशाच्या आत घेतला तर काय होईल? बंद न्हाणीघरात गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय ब्युटेनच्या छोट्या डब्या शून्याच्या आसपास रुसतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. बाद.

राहिलं ऊन. टपावर काळा पाइप, त्यात पाणी, खाली तोटी. फुकट आणि सोपं. इथूनच सुरुवात.

२६ नोव्हेंबर

११० मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन मीटर. दोन एंड कॅप, एक अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, एक भरायचं तोंड, सोल्युशन, मॅट काळा रंग. पाणी मावतं १७ लिटर. रविवार पेठेत सगळं मिळून ११४० रुपये.

बरेच लोक अशा पाइपला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून हवा भरतात, म्हणजे शॉवरला जोर येतो. मी भरणार नाही. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर भिजायला होतं. दाबलेल्या हवेने भरलेला फुटला तर त्याच्या कपच्या उडतात. उन्हात तापलेलं पीव्हीसी तर आणखी लेचंपेचं.

चाचणी आज होती. सकाळपासून आभाळ, दुपारी अवकाळी पाऊस. नाशिककडे गारा पडल्या म्हणे, द्राक्षवाल्यांचं काय झालं असेल. माझा पाइप गच्चीवर भिजत पडलाय, एवढंच माझं नुकसान.

३ डिसेंबर

गच्चीवर, बिनवाऱ्याच्या जागी, दुपारी तीनला पाणी ४३ अंश. नाचायचा बाकी होतो. लगेच पाइप टपावरच्या कॅरियरला बांधला आणि पौडवरून ताम्हिणीकडे निघालो. दोन तासांनी, ऊन उतरताना थांबून तोटी उघडली: २७ अंश.

कारण उघड आहे आणि मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते. गच्चीवर पाइप ऊन खात होता. चालत्या गाडीवर ताशी पन्नासच्या वाऱ्याची फुंकर त्याला सतत लागत होती. आपण बशीत चहा ओतून फुंकतो त्यातलाच प्रकार. त्यावर काचेचं झाकण, थर्माकोलचं वेष्टण असे उपाय आहेत, पण मग ते टपावरचं शवपेटीसारखं धूड होतं. आणि आमच्या आंघोळीच्या वेळा दोन: दिवस मावळताना, नाहीतर उजाडताना. ऊन दोन्ही वेळा गैरहजर.

बोनेटला टेकून उभा होतो. पँटमधून मांडी भाजली. अक्षरशः तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोनेक क्विंटल तापलेलं लोखंड घेऊन मी इथवर आलो आणि पाणी मात्र उन्हात ठेवलं.

इंजिन डिझेल जाळतं त्यातली अंदाजे एक तृतीयांश उष्णता कूलंट (इंजिन गार ठेवायला त्यातून फिरणारं पाणी) उचलतो आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडतो. चालत्या गाडीत कूलंट ८५ अंशांच्या आसपास असतो. इंजिनचा धातू आणि सात-आठ लिटर कूलंट धरून माझा अंदाज असा की हे सगळं एका अंशाने निवताना सव्वाशे किलोज्यूलच्या घरात उष्णता सोडेल. ८५ वरून ६५ पर्यंत निवलं की अडीच हजार, म्हणजे एक बादली. मुक्कामी पोचल्यावर ही उष्णता आपण दर वेळी नुसती बसून निवू देतो.

वाईच्या घरी आजीचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात बुरकुंडे आणि गोवरी, भोवती पाणी, मधे फक्त तांब्याचा पत्रा. जाळ आणि पाणी एकमेकांना भेटत नाहीत, पत्र्यातून निरोप जातो. मला हवाय तो हाच, जाळाच्या जागी कूलंट घालून.

१० डिसेंबर

भोसरीला भंगारवाल्यांच्या रांगेत, कुठल्याशा कारखान्याच्या मोडीत काढलेल्या यंत्रातला प्लेट हीट एक्स्चेंजर मिळाला, म्हणजे एका पाण्याची उष्णता पत्र्यातून दुसऱ्याला देणारा ठोकळा. स्टेनलेसच्या २० प्लेटा, तांब्याने ब्रेझ केलेल्या, आकाराने जाडजूड डिक्शनरीएवढा. एक सोडून एक फटीतून गरम पाणी आणि गार पाणी वाहतं. १८०० सांगितले, १४०० ला दिला. चारही तोंडांचा वास घेऊन पाहिला: तेलाचा वास असता तर घेतला नसता. ज्यातून हायड्रॉलिकचं किंवा कॉम्प्रेसरचं तेल फिरलंय त्यातल्या पाण्याने आंघोळ कोण करणार?

रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात. सकाळी चहासारखं पाणी निघालं. तीनदा धुतला.

मग खरी परीक्षा. एका बाजूची दोन्ही तोंडं बंद करून, सायकलच्या पंपाने ३ किलो दाब भरून, टबात बुडवला. एकही बुडबुडा नाही. गेज लावून तसाच ठेवला, बारा तासांनी काटा जागेवर.

ही परीक्षा हौस म्हणून नव्हती. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल असतं. ते विषारी आहे, आणि चवीला गोड, म्हणून जास्तच वाईट. इंजिन तापल्यावर कूलंटच्या बाजूला किलोभर दाब असतो आणि आंघोळीच्या बाजूला जवळपास काहीच नाही, म्हणजे प्लेटला चीर गेली तर गळती आंघोळीच्या पाण्याकडेच होणार. नियम ठरवले: या पाण्याने चूळ भरायची नाही, दात घासायचे नाहीत, भांडी विसळायची नाहीत, आणि प्रत्येक आंघोळीआधी कूलंटच्या बाटलीतली पातळी बघायची. कूलंट हिरवा आहे ते बरं, बादलीत पाणी हिरवट दिसलं तर कळेल.

पंप शेती अवजारांच्या दुकानातून. पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची डायफ्रामची मोटर असते, ती सुटी मिळते: ५५० रुपये. कॅम्पिंगच्या नावाने विकला जाणारा असाच पंप चौपट किमतीला आहे. बादली आणि घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला ३.२ लिटर.

१७ डिसेंबर

गॅरेज. मिस्त्रींना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. "साहेब, रेडिएटरच्या पाण्याने आंघोळ?" कागदावर काढून दाखवल्यावर म्हणाले, "म्हणजे बंबच की." त्यांच्याकडून हा शब्द आला आणि प्रकल्पाचं नाव ठरलं.

केबिनच्या हीटरकडे जाणारा होज कापून एक्स्चेंजर मधे, ओळीत बसवला. कूलंट आधी एक्स्चेंजरमधून आणि मग हीटरमधून जातो. बॅटरीशेजारी आधीच असलेल्या दोन बोल्टांवर पट्टीचा कंस करून घेतला, भोक पाडलं नाही. आंघोळीच्या पाण्याचे दोन होज बोनेटखालून पुढच्या ग्रिलपर्यंत आणले, टोकाला पितळी कपलिंगं.

एक चूक तिथेच सुधारली. मी दोन्ही पाणी एकाच दिशेने सोडली होती. मिस्त्रींचं म्हणणं, समोरासमोरून सोडा. बरोबर होतं: गार पाणी जिथून बाहेर पडतं तिथे त्याला सगळ्यात गरम कूलंट भेटायला हवा. मी इंजिनिअर, ते दहावी नापास, हे त्यांनी हसत हसत दोनदा काढलं.

दुसरी चूक घरी येताना कळली. खराडीच्या पुलावर तापमानाचा काटा अचानक वर, आणि हीटरमधून मात्र थंड हवा. कूलंटमध्ये हवा अडकली होती. एक्स्चेंजर आम्ही होजच्या सगळ्यात उंच जागी बसवला, मग हवा बसायला दुसरी जागा शोधेल कशाला? गाडी बाजूला घेऊन तासभर निवू दिली. (गरम असताना टोपी उघडायची नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात जातोच.) मग चढावर, नाक वर करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर, टोपी उघडी, इंजिन सुरू, आणि होज हाताने दाबत राहिलो, गाईची धार काढावी तसा. बुडबुडे येत राहिले. पाऊण लिटर कूलंट आणखी मावला. पुढच्या रविवारी एक्स्चेंजर चार बोटं खाली घ्यायचा.

२४ डिसेंबर

पहिली आंघोळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हाफपँटवर, वॉचमनकाका साक्षीला.

बादलीतलं गार पाणी पंपाने ओढायचं, एक्स्चेंजरमधून न्यायचं, थेट हँड शॉवरमधून अंगावर. गाडी आधी वीस किलोमीटर फिरवून आणलेली. पंप सुरू केला, शॉवर खांद्यावर धरला, आणि ओरडलो.

नंतर मोजलं, ६३ अंश. खांद्यावर तळहाताएवढी लाल जागा. वीस मिनिटं नळाखाली धरून बसलो. फोड आले नाहीत.

पाणी गरम होईल का याची महिनाभर काळजी केली. ते फार गरम झालं तर काय, हे एकदाही मनात आलं नाही. आणि दुसरा सापळा त्याहून वाईट: साबण लावायला शॉवर बंद केला की एक्स्चेंजरमधलं पाणी जागच्या जागी तापत राहतं. परत सुरू केल्यावर पहिला फवारा जवळजवळ कूलंटच्याच तापमानाचा.

आई गॅलरीतून बघत होती. वर गेल्यावर तिने एकच विचारलं, "विसण कुठाय तुझ्या यंत्रात?"

मुलाला हा शब्द माहीत नव्हता. गीझरच्या घरात वाढलेल्या पोराला विसण कुठून माहीत असणार. आईने त्याला सांगितलं: कढत पाण्यात बेताबेताने घालायचं ते गार पाणी, आणि घालणाऱ्याचा हात आधी पाण्यात जातो, मग न्हाणाऱ्याचं अंग. आजी बंबातलं पाणी घंगाळात घ्यायची, विसण घालायची, कोपर बुडवून बघायची. एक्स्चेंजर, पंप, कपलिंगं सगळं जमवलं आणि घंगाळच विसरलो.

७ जानेवारी २०२४

दोन वाटा होत्या. एक, मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवणं. थर्मोस्टॅटवाला चांगला येतो, पण किंमत माझ्या उरलेल्या बजेटहून जास्त, आणि मिनिटाला तीन लिटरच्या धारेवर तो नीट चालेल याची खात्री दुकानदारही देईना. दुसरी वाट आईची: पाणी बादलीतच फिरवायचं. बादलीतून पंप, पंपातून एक्स्चेंजर, एक्स्चेंजरमधून परत त्याच बादलीत. ६३ अंशांची धार बादलीतल्या गार पाण्यात पडते, विसण आपोआप होतं, आणि बादली ४१ ला आली की परतीचा होज काढून शॉवर लावायचा आणि धार एक्स्चेंजरला वळसा घालून, पंपातून थेट अंगावर. त्यासाठी एक तीन तोंडांचा व्हॉल्व्ह, १८० रुपये.

आजची मोजणी. बादली २० लिटर, सुरुवातीला १९ अंश, कूलंट ८६. मिनिटागणिक बादलीचं तापमान: २६, ३३, ३८, ४२. चार मिनिटं! रॉडला यापेक्षा पाचपट वेळ. शेवटी कूलंट ७५ वर उतरलेला, म्हणजे लोखंडाच्या साठ्याचा माझा अंदाज फार चुकला नव्हता.

इंजिन मात्र सुरू ठेवावं लागतं, कारण कूलंटचा पंप इंजिनच फिरवतं. म्हणून आंघोळीचा आडोसा सायलेन्सरच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि वरून उघडा. आडोशाला छत घ्यायचा मोह पावसाळ्यात होईल, तेव्हा ही ओळ वाचावी. धूर दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही.

२८ जानेवारी

भंडारदरा. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या, त्यामुळे विल्सन धरणाच्या बाजूला जत्रा. आम्ही पाण्यापासून आणि माणसांपासून लांब, रतनवाडीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या पडीक वावरात त्याला विचारून राहिलो. पाणी त्याच्याच विहिरीचं, १६ अंश.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन घाट चढून तापलेलं. पहिली बादली मुलाची, पाच मिनिटांत ४१. दुसरी माझी, सात मिनिटं. तिसरी हिची, आणि तिथे प्रकरण अडलं. कूलंट साठाच्या खाली आला. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं सुरू असताना, डिझेल इंजिन जेमतेम दोन-तीन किलोवॅट उष्णता कूलंटला देतं आणि मी त्याच्याकडून सात-आठ मागत होतो. शेवटी मी ओल्या केसांनी गाडीत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर. अकरा मिनिटं. ती बाहेरून ओरडत होती, "झालं का?" आणि मी आतून, "अजून दोन अंश!"

पुढच्या वेळी पहिली बादली हिची. हे तांत्रिक कारणाने लिहितोय असं नाही.

सकाळी उठून परत सुरू करायचा विचार होता. थंड इंजिन नुसतं उभं ठेवून साठ अंशांवर यायला वीस मिनिटं घेतं, आणि पहाटे सहाला शेजारच्या तंबूंच्या कानाशी डिझेल घडघडत ठेवणं हा उद्धटपणा आहे. तेव्हा आंघोळ संध्याकाळी, पोचल्यापोचल्या, चहाच्याही आधी.

पंपाने विहिरीतला गाळ ओढला आणि दोनदा टकटक करत अडला. डायफ्रामच्या झडपेत वाळूचा एक कण. पंपाआधी जाळी लावायची. शॉवरने मी ९ लिटरमध्ये आटोपलो. मुलाने १८ लिटर उडवून वर विचारलं, "संपलं?"

१७ मार्च

जाळी बसवली, ६० रुपये. एका होज क्लिपखाली कूलंट पाझरत होता, क्लिप बदलली. उन्हाळा आला, कोणाला गरम पाणी हवंय? काळा पाइप गॅलरीत आडवा टाकून त्यात आईने पुदिना लावलाय. उत्तम आलाय.

१८ ऑगस्ट

सप्टेंबरअखेर स्पितीचं ठरतंय. कूलंट पूर्ण बदलला, निम्मं पाणी निम्मं ग्लायकोल, हे उणे ३७ पर्यंत गोठत नाही. वर्षभर मी साधं पाणी घालून पातळी राखत आलो होतो, मिस्त्रींनी कान उपटले.

पण गोठण्याचा प्रश्न आंघोळीच्या बाजूला आहे, तिथे साधं पाणी असतं. ते रात्री एक्स्चेंजरमध्ये राहिलं तर बर्फ होऊन प्लेटा फाकवेल, आणि मग सकाळी ग्लायकोल आंघोळीला. म्हणून प्रत्येक वापरानंतर टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने दोन्ही होज फुंकून रिकामे करायचे. घरी सराव केला, पेलाभर पाणी निघतं.

१५ सप्टेंबर

सामान बांधणी. मंगळवारी गणपती विसर्जन, गुरुवारी निघायचं. पितृपक्षात एवढा लांबचा प्रवास आईला पटलेला नाही. तिने काही बोलायचं टाळून पितळी तांब्या सामानात ठेवला. वजनाचा हिशेब करून मी तो काढला. तिने परत ठेवला.

२४ सप्टेंबर, चंद्रताल

अटल बोगद्यातून बाहेर पडून कोकसर, ग्राम्फू, छतरू, बातल. ग्राम्फूच्या पुढे रस्ता म्हणजे नदीने परत घ्यायचं राहून गेलेलं पात्र. तळ्याकाठी तंबू टाकायला बंदी आहे आणि असायलाच हवी (२००५ पासून ती रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे), म्हणून काही किलोमीटर अलीकडच्या तळावर.

पोचलो चारला. टाकीतलं पाणी ८ अंश. रात्री काय होणार हे दिसत होतं, म्हणून लगेच बादली लावली. हिची पहिली: सहा मिनिटांत ४२. सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, वाऱ्यात, बोटं वाकडी होत असताना गरम पाणी खांद्यावरून उतरतं तेव्हा माणूस हसायलाच लागतो. आडोशामागून तिचं हसू ऐकू आलं. मुलाने उंचीचं डोकं दुखतंय म्हणून फक्त पाय धुतले. मी अर्ध्या बादलीत भागवलं. साबण लावला नाही, सांडपाणी लांब खडकाळ जागी ओतलं.

एक्स्चेंजर फुंकला. अंधार पडला होता, हात गारठले होते, जेवायला हाका येत होत्या.

२५ सप्टेंबर, लोसर

रात्री उणे ५. सकाळी गाडी दुसऱ्या दणक्यात सुरू झाली. पंपाकडे बघितलं तर प्लॅस्टिकच्या डोक्याला आडवी चीर. एक्स्चेंजर फुंकला, होज फुंकले, पंपात राहिलेलं घोटभर पाणी विसरलो. यादीत ती ओळच नव्हती.

कुंझुम खिंड चढून उतरलो. दुपारी लोसरच्या पुढे, नदीपासून शंभरेक पावलं लांब थांबलो. इंजिन घाटाने तापलेलं, कूलंट ८६, एक्स्चेंजर शाबूत, पाणी आहे, आणि पाणी ढकलणारं कोणी नाही. मुलाला काल पाय धुऊन समाधान झालं नव्हतं, आज त्याला आंघोळ हवीच होती.

वीस लिटरचा कॅन टपावरच्या कॅरियरवर चढवला. त्यात होज सोडला, तोंडाने ओढून धार सुरू केली. हे टोक कूलंटला लागत नाही, तरी आधी बाटलीतली पातळी बघितली. पंप वगळून होज थेट एक्स्चेंजरला जोडला. वरून गार पाणी आत, खालून बादलीत धार: मिनिटाला दीड लिटर, संथ म्हणून जास्तच तापलेलं, ७५ अंश. वाफा येत होत्या. सात मिनिटांत बादली निम्मी भरली. मग धार बंद करून, कॅनमधलं उरलेलं ५ अंशांचं पाणी आईच्या तांब्याने बादलीत, बेताबेताने. नऊ तांबे. थर्मामीटर पंपाच्या डब्यात कुठेतरी खाली होता, मी कोपर बुडवून बघितलं.

मुलगा उकिडवा बसला होता, मी तांब्याने त्याच्या डोक्यावर पाणी घालत होतो. म्हणाला, "बाबा, शॉवरपेक्षा हे बरंय." हिने तिथूनच आईला फोन लावून बघितला, रेंज नव्हती.

६ ऑक्टोबर, पुणे

खर्चाचा अखेरचा हिशेब, पुदिन्याचा पाइप धरून: ५,६३० रुपये. एक्स्चेंजर परत काढून ३ किलोवर तपासला, काटा जागेवर. दोन होज आणि एक क्लिप बदलायच्या आहेत. तापमान दाखवणारा सुटा काटा बादलीच्या कडेला टांगायचा आहे.

पंपाचं नुसतं डोकं वेगळं मिळतं, २२० रुपये. अजून आणलेलं नाही.